पालिकेची राखाडी खोळ

मुइकुनिएमी गावात, सरोवराच्या किनाऱ्यावर, साइमी पुत्कोनेनची होडी गेले एकेचाळीस हिवाळे पालथी निजत आली होती आणि त्याबद्दल कोणाची काही तक्रार नव्हती. निदान होडीची तरी नव्हती.

साइमी एकाहत्तर वर्षांची. एकतीस वर्षं तिने सरोवरातल्या बेटांवर टपाल पोचवलं, तेही बहुतेक याच होडीतून. होडी तिच्या बापाने बांधलेली. फळीच्या काठावर फळी चढवून तांब्याच्या खिळ्यांनी जोडलेली, दर वसंतात चिडाच्या झाडाचं डांबर पिऊन काळीभोर झालेली. अशा होडीला थंडीचं भय नसतं. तिला भय दोनच गोष्टींचं, कोंडलेल्या ओलीचं आणि कोरड्या उबेचं. ओल कोंडली की लाकूड कुजतं. ऊब लागली की फळ्या सुकून एकमेकींचा हात सोडतात, आणि मे महिन्यात पाण्यात लोटलेली होडी चाळणीसारखी तळाला जाते. म्हणून तिची जागा उघड्यावर. खाली दोन ओंडके, त्यांवर होडी पालथी, आणि वर फळ्यांचं उतरतं छप्पर, बर्फ साचून न बसता घसरून जावं म्हणून. होडीचा काठ आणि जमीन यांच्यामध्ये लोकरीचा हातमोजा घातलेला हात सहज जाईल एवढी फट हवी. ही फट आधी बाप मोजायचा, मग साइमी मोजू लागली. बापाचा पंजा मोठा होता, त्यामुळे साइमीच्या कारकिर्दीत होडी जमिनीच्या दोन बोटं जवळ आली. एवढ्या वर्षांत झालेली सुधारणा म्हणायची तर हीच.

मग पालिकेने ‘किनारा सुसंवाद आराखडा’ केला.

एप्रिलमध्ये शाळेच्या जेवणघरात त्यावर जनसुनावणी झाली. हेलसिंकीहून हिरव्या चष्म्याची एक तज्ज्ञ बाई आली होती. तिने पडद्यावर हिवाळ्यातल्या किनाऱ्याचे फोटो दाखवले. निळ्या ताडपत्र्या, नारिंगी ताडपत्र्या, जुन्या दारांची छपरं, एका होडीवर तर चक्क उलटा ठेवलेला न्हाणीघरातला टब. याला ती ‘दृश्य गोंगाट’ म्हणाली. टबाचा मालक समोरच बसला होता. तो मान खाली घालून आपल्या बुटांकडे बघत राहिला. बाईंचा उपाय सोपा होता. सगळ्या होड्यांना पालिकेतर्फे एकाच मापाची, एकाच राखाडी रंगाची प्लास्टिकची खोळ. जमिनीपर्यंत ओढायची, चेन लावायची, खुंट्यांना आवळून बांधायची. म्हणजे बर्फावरून फिरायला जाणाऱ्यांना किनारा शांत दिसेल.

मग तिने लोकांचं मत विचारलं. इथेच घोटाळा झाला.

इथे, सावोच्या मुलखात, कोणाला तोंडावर ‘नाही’ म्हणणं हे दुसऱ्याच्या ताटात शिंकण्यासारखं आहे. नकार सगळेच देतात, रोज देतात, पण तो आडवाटेने द्यायचा असतो, आणि ऐकणाऱ्याने तो आडवाटेनेच उचलायचा असतो. टबवाला म्हणाला, विचार करायला काय हरकत आहे. याचा अर्थ, मेलो तरी घालणार नाही. साइमीच्या शेजारच्या जागेवर होडी ठेवणारा म्हातारा एवर्त म्हणाला, तसं बघायला गेलं तर खोळ ही खोळच असते. याचा अर्थ, इतका मूर्खपणा मी आयुष्यात ऐकलेला नाही. आणि साइमी म्हणाली, “असेलही बुवा.” हे शब्द तिने याआधी एकदाच इतक्या ठासून उच्चारले होते, पलीकडच्या गावच्या एका माणसाने लग्नाचं विचारलं तेव्हा. त्याला अर्थ बरोबर कळला आणि तो त्याच आठवड्यात स्वीडनला कामाला निघून गेला.

हिरव्या चष्म्याच्या बाईंना स्वीडनला जाण्याचं काही कारण नव्हतं. त्यांनी सगळं लिहून घेतलं. इतिवृत्तात आलं: उपस्थित सव्वीस, अनुकूल सव्वीस, कोणीही ‘नाही’ म्हटलं नाही. यातलं शेवटचं वाक्य तर अक्षरशः खरं होतं.

ऑक्टोबरात खोळी घरोघर आल्या. लोकांनी त्या कुरकुर न करता चढवल्या, म्हणजे कुरकुर केली पण घरी, सौनाच्या वाफेत. साइमीने आपली खोळ घडी न मोडता परसातल्या संडासात नेली आणि दाराखालची फट बुजवायला वापरली. तिथे ती अगदी बेतशीर बसली. होडी तिने नेहमीसारखी ओढून काढली, तीन दिवस वाऱ्यावर सुकवली, पालथी घातली आणि छपराच्या फळ्या मांडल्या.

चौथ्या दिवशी फळ्यांवर पिवळी चिठ्ठी चिकटली होती. पाचव्या दिवशी चिठ्ठी चिकटवणारा कॉफीला आला.

हा आर्त्तु. याच गावचा, वय चौतीस. सहा वर्षं हेलसिंकीत राहून ‘फावल्या वेळेचं नियोजन’ या विषयाची पदवी घेऊन परतला होता आणि आता पालिकेत ‘किनारा समन्वयक’ होता. त्याच्या जन्माच्या अभिनंदनाच्या तारांपासून ते लष्कराच्या बोलावण्यापर्यंत सगळं टपाल साइमीने त्याच्या घरी टाकलेलं. गावातली त्याच्या वयाची सगळी पोरं तिला पोस्टमावशी म्हणत, तोही म्हणे. पहिल्या कपाला हवा, दुसऱ्या कपाला त्याच्या आईचा गुडघा, आणि तिसऱ्या कपाला तो मुद्द्यावर आला.

“पोस्टमावशी, खोळ घालायची राहिली वाटतं.”

“राहिली असेल.”

“घालणार ना पण?”

“दिवस काय, संपलेत थोडेच.”

आर्त्तुने कप खाली ठेवला, टॅबलेट काढला आणि त्यावर बोटाने टिचकी मारली. त्याला अर्थ कळला नव्हता असं नाही. त्याची आजी याच भाषेत बोलून नव्वदीला पोचली होती. पण टॅबलेटवर ‘मालक खोळ घालणार का’ याखाली चौकटी दोनच होत्या, होय आणि नाही. आजीच्या भाषेला तिथे चौकट नव्हती.

त्यानंतरच्या शनिवारी संध्याकाळी साइमी सौनात असताना पालिकेची दोन माणसं किनाऱ्यावर येऊन गेली. शनिवारी संध्याकाळी अख्खा गाव सौनात असतो, हे पालिकेला माहीत असणारच. पालिकाही याच गावची. रविवारी सकाळी साइमी जाऊन बघते तो तिच्या छपराच्या फळ्या बाजूला एकावर एक नीट रचलेल्या, आणि होडीवर नवी कोरी खोळ, खुंट्यांना आवळलेली, चेन जमिनीपर्यंत ओढलेली. दुरून पाहिलं तर कुणीतरी भलामोठा राखाडी सील किनाऱ्यावर आणून ठेवलाय असं वाटावं. साइमीने चेन हातभर उघडली आणि हात आत घातला. एका रात्रीत खोळीच्या आतल्या बाजूला थेंब धरले होते. ते होडीच्या तळावरून ओघळून फळ्यांच्या जोडांत उतरत होते.

तिने खोळ काढली. होडी जुन्या फ्लॅनेलने पुसली, छप्पर पुन्हा मांडलं. तिला ओळखणाऱ्या माणसाने तिचा चेहरा पाहून पलीकडचा रस्ता धरला असता.

बुधवारी लाल चिठ्ठी आली. तिच्यात लिहिलं होतं की आणखी एका उल्लंघनानंतर किनाऱ्यावरची जागा रद्द होईल, आणि पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी होडी ‘मालकाच्या संमतीने’ पालिकेच्या साठवण हॉलमध्ये हलवली जाईल. हा हॉल म्हणजे बंद पडलेली लोण्याची डेअरी. पालिकेने तिच्या फरशीखालून गरम पाण्याचे नळ फिरवले होते. आत वर्षभर एकोणीस अंश. वर्तमानपत्रात त्याचा फोटोही आला होता. एकोणीस अंशांत सहा महिने ठेवलेल्या डांबरी होडीचं काय होतं, हे वर्तमानपत्राला कोणी सांगितलं नव्हतं.

एवर्त तेव्हा शेजारीच आपल्या खोळीची दोरी आवळायला आला होता. त्याची होडी फायबरची, तिला खोळीने काही होत नव्हतं.

“माझं बरंय,” तो म्हणाला. “प्लास्टिक प्लास्टिकात. सॉसेजसारखं.”

साइमीने छपरावरचा एक दगड सरकवून नीट बसवला.

“हॉलमध्ये उबदार असतं म्हणे.”

“मग तूच जाऊन पड तिथे. तुझ्या सांध्यांना बरं.”

“तसं बघायला गेलं तर,” एवर्त म्हणाला, आणि पुढे काहीच म्हणाला नाही. त्याच्या बाबतीत हे सहानुभूतीचं भाषण होतं.

सोमवारी साइमी पालिकेत गेली. तिने आपली फाईल मागितली. आर्त्तुने पडदा तिच्याकडे वळवला. एप्रिल: ‘असेलही बुवा’, त्यापुढे हिरवी खूण, अनुकूल. ऑक्टोबर: ‘दिवस संपलेले नाहीत’, हिरवी खूण, खोळ घालण्यास तयार. त्यानंतर पालिकेतून हॉलबद्दल फोन आला होता, तेव्हा ती ‘बघू या की’ म्हणाली होती. तिथेही हिरवी खूण. संमती. आपण आयुष्यभर ज्या शब्दांनी लोकांना दारातून परत पाठवलं, ते शब्द इथे ओळीने उभे राहून हिरवे झेंडे हलवताहेत, हे साइमीने बराच वेळ पाहिलं. चोर कुणी नव्हता. सगळं तीच बोलली होती.

“मावशी,” आर्त्तु आवाज खाली आणून म्हणाला, “यात दोनच चौकटी आहेत. तिसरी मला बनवता येत नाही. मी विचारून पाहिलं.”

“आणि त्या दुसऱ्या चौकटीत कितीजण आहेत?”

“एकही नाही. कधीच नव्हता. ती चालते की नाही, हेसुद्धा इथे कोणाला ठाऊक नाही.”

साइमी घरी आली. तिच्या हिशेबाने गावात शेवटचं सरळ ‘नाही’ ऐकू आलं त्याला अडतीस वर्षं झाली होती. चर्चमध्ये, एका नवरीच्या तोंडून. पाद्री इतका गडबडला की त्याने त्या दोघांना पती-पत्नी जाहीर करून टाकलं, आणि लोकलाजेस्तव ती दोघं अजून तशीच आहेत. त्या बाईने उभ्या आयुष्यात पुन्हा तो शब्द काढला नाही आणि बेकरी चालवली. साइमीला तो शब्द येत नव्हता असं नाही. इंग्रजीतून येत होता, स्वीडिशमधून येत होता, कुत्र्याला म्हणता येत होता. माणसाला, तेही ज्याच्या जन्माची तार आपण पोचवली त्याला, समोरासमोर, भर दिवसा म्हणायचा, ही गोष्ट वेगळी. तिला ती उघड्या अंगाने टपाल वाटण्यासारखी वाटत होती.

पण एकोणीस अंश ही गोष्टही वेगळीच होती.

गुरुवारी आठ वाजता ती हातोडा आणि खिळ्यांचा डबा घेऊन किनाऱ्यावर होती. एवढी वर्षं छपराच्या फळ्या नुसत्या मांडून वर दगड ठेवले जात. आज ती त्यांना खिळे ठोकत होती. काठाला बर्फाची काचेसारखी पातळ साय धरली होती आणि हातोड्याचा आवाज तिच्यावरून घसरत पार समोरच्या बेटापर्यंत जात होता. हळूहळू किनाऱ्यावर माणसं दिसू लागली. आलं कोणीच नव्हतं, सगळे योगायोगाने तिथे होते. टबवाला हरवलेला हातमोजा शोधत होता. दोन्ही हातमोजे त्याच्या हातात होते. बेकरीवाली बाई कुत्रा फिरवत होती. कुत्रा तिचा नव्हता. एवर्त थर्मास घेऊन आपल्या राखाडी सॉसेजशेजारी उभा होता.

साडेनऊला पालिकेचा ट्रेलर बर्चच्या झाडांमधून मागे मागे येऊन थांबला. चालकाने उतरून पट्टे काढले. आर्त्तु टॅबलेट छातीशी धरून आला. सगळ्यांना अदबीने मान लववून त्याने गळा साफ केला आणि आवाज सरकारी केला.

“होडीमालक साइमी पुत्कोनेन. सदर होडी पालिकेच्या साठवण हॉलमध्ये हलवण्यास तुमची संमती आहे का?”

साइमीने तोंडातले दोन खिळे काढून डब्यात ठेवले.

“हवा तशी आज...” ती म्हणाली आणि थांबली. जिभेने चाळीस वर्षांची पायवाट धरली होती. आर्त्तुचं बोट पडद्यावर अधांतरी होतं. त्याने ते खाली आणलं नाही. चालकाने पट्ट्याचा आकडा होडीच्या पुढच्या टोकापाशी टेकवला, कारण त्याला अकराला दुसरीकडे जायचं होतं आणि हवेबद्दलच्या वाक्याचा शेवट काय होतो हे त्याला ठाऊक होतं.

“नाही,” साइमी म्हणाली.

टबवाल्याचा हरवलेला हातमोजा त्याच्या हातातून खरोखरच गळून पडला. बेकरीवाली बाई जागच्या जागी अशी काही वळली, की कुत्र्याला वाटलं आपल्याला घरी न्यायचंय.

“पुन्हा एकदा सांगा,” आर्त्तु म्हणाला. “नोंद नीट व्हायला हवी.”

“नाही. होडी कुठेही जाणार नाही. खोळही घालणार नाही, या वर्षी नाही आणि पुढच्याही नाही. आणि एप्रिलमध्ये मी असेलही म्हणाले होते ना, तेही नाही. ते तेव्हाही नाहीच होतं, फक्त तुमच्या त्या बाईंना सावोची माणसं माहीत नव्हती. तुला माहीत होती, आर्त्तु.”

आर्त्तुच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. थंडीही होतीच म्हणा.

“होती,” तो म्हणाला. “कारण काय लिहू? कारणासाठी दोन हजार अक्षरांची जागा आहे.”

“खोळीत कुजेल, हॉलमध्ये फुटेल, इथे टिकेल.”

त्याने टाइप केलं. राहिलेल्या जागेकडे त्याने जरा वेळ पाहिलं, पण साइमीचं बोलून झालं होतं. मग त्याने दुसऱ्या चौकटीवर बोट टेकवलं. टॅबलेट विचारात पडला. पडद्यावर काहीतरी गोल गोल फिरू लागलं आणि किनाऱ्यावरचे सगळेजण, सरोवराकडे बघत असल्याचं दाखवत, त्या गोल फिरणाऱ्या गोष्टीची वाट बघू लागले. चौकट चालत होती. इतके महिने ती तिथेच होती, धडधाकट, फक्त तिच्याकडे कोणी फिरकलं नव्हतं.

आर्त्तुने वाचून दाखवलं. मालकाने नकार नोंदवल्यामुळे हलवण्याची कारवाई स्थगित. प्रकरण किनारा उपसमितीच्या पुढील बैठकीपुढे. पुढील बैठक, चौदा जून.

“जूनमध्ये मी मासेमारीला असेन,” साइमी म्हणाली. “होडीतच. त्यांना बघायची असेल तर या म्हणावं पाण्यात.”

“तेही लिहू?”

“लिही.”

चालकाने विचारलं, मग काहीच न्यायचं नाही का. ट्रेलर रिकामा परत न्यायचा म्हणजे कार्यालयात प्रश्न विचारतात. आर्त्तुने त्याला पट्टे गुंडाळायला सांगितलं. मग तो किनाऱ्यावरच्या बाकीच्यांकडे वळला आणि पुन्हा एकदा सरकारी आवाजात, पण यावेळी फारच सावकाश, म्हणाला की आणखी कोणाला खोळीसंबंधी काही नोंदवायचं असल्यास टॅबलेट अजून उघडाच आहे.

टबवाल्याने हातमोजा उचलून झटकला. तो म्हणाला, टबाला पांढरा रंग देऊन पाहिला तर, म्हणजे आपलं बोलायचं म्हणून. बेकरीवाली बाई कुत्र्याशी बोलू लागली. एवर्तने थर्मासचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

“तसं बघायला गेलं तर,” तो म्हणाला.

आर्त्तु थांबला. बोट तयार ठेवून, घाई न करता, चांगला मिनिटभर थांबला.

“थंडी पडणार,” एवर्त म्हणाला.

आर्त्तुने टॅबलेट बंद केला. ट्रेलर रिकामा खडखडत झाडांमधून निघून गेला, आणि जाताना आर्त्तुने खिडकीतून हात बाहेर काढला. तो निरोपाचा होता की गाडी वळवण्याचा, हे त्याने मोघमच ठेवलं.

योगायोगाने आलेली माणसं तशीच पांगली. साइमीचं अभिनंदन कोणी केलं नाही. बेकरीवाली बाई तेवढी जाता जाता छपरापाशी रेंगाळली आणि म्हणाली की यंदा फळ्या सरळ बसल्यात. मग डोळ्याला डोळा न देता तिने विचारलं, म्हणताना घशाला काही होतं का. साइमीने सांगितलं, पहिल्यांदा होतं. बाईने मान हलवली, जणू एखादी पाककृती खरी आहे याची तिने खातरजमा करून घेतली, आणि परक्या कुत्र्याला ओढत ती चढण चढून गेली.

या शब्दाची किंमत साइमीला माहीत होती. उद्या दुकानात लोक तिला रांगेत पुढे जाऊ देतील, आदराने नव्हे, तोंडातून पुन्हा काय निघेल या धास्तीने. चर्चमध्ये तिच्या बाकावर दोन जागा मोकळ्या राहतील. समितीतली माणसं जूनपर्यंत नवा आराखडाही आणतील, कदाचित तीन चौकटींचा. आणू देत. तिने डब्यातून खिळा घेतला, फळीवर टेकवला आणि एकाच घावात अर्धा आत घातला. इतका सरळ खिळा तिने कित्येक वर्षांत ठोकला नव्हता.

शेवटच्या दोन फळ्या राहिल्या असताना तिला पलीकडून काहीतरी ऐकू आलं. आधी वाटलं थव्यातून मागे राहिलेला एखादा हंस असेल. बर्चच्या खोडांआड, तिच्याकडे पाठ करून, आपल्या होडीपाशी एवर्त उभा होता. घरी गेलाच नव्हता. सरोवराकडे तोंड करून तो हळू आवाजात म्हणत होता, “नाही.” मग खाकरला. “तसं नाही म्हणजे...” पुन्हा खाकरला, सुरुवातीपासून घेतलं. “ना. ही.”

साइमीने हातोडा मांडीवर आडवा ठेवला. त्याच्या होडीला खोळीने काहीही होणार नव्हतं, हे तिला माहीत होतं आणि त्यालाही.

“नाही,” एवर्त म्हणाला, यावेळी बऱ्यापैकी मोठ्याने, आणि पाठोपाठ त्याच्या खोळीची चेन वरपासून खालपर्यंत उघडल्याचा लांबलचक आवाज आला.